प्रवाही सिग्नल प्रक्रियेतील ब्लॉक-रचना

रेडिओ, ध्वनी, कंपन किंवा तत्सम सिग्नलचे नमुने अखंड येत असताना त्यांच्यावर टप्प्याटप्प्याने प्रक्रिया करणाऱ्या सॉफ्टवेअर फ्रेमवर्कमध्ये एकेक काम पार पाडणाऱ्या स्वतंत्र घटकाला ब्लॉक म्हणतात. फ्रिक्वेन्सी सरकवणे, फिल्टर लावणे, नमुन्यांचा दर कमी करणे, डिमॉड्युलेशन (वाहक लहरीतून मूळ संदेश वेगळा काढणे) करणे अशी कामे निरनिराळ्या ब्लॉकांकडे सोपवलेली असतात. ब्लॉक एकमेकांना जोडून होणाऱ्या आलेखाला फ्लोग्राफ म्हणतात आणि कोणत्या ब्लॉकला केव्हा काम द्यायचे हे शेड्युलर ठरवतो. ब्लॉकच्या आतले गणित बहुधा पाठ्यपुस्तकात सापडते; रचनेतला अवघड भाग वेगळाच आहे. प्रवाह कोठे तोडून एका वेळी किती नमुने हाती दिले जातील हे ब्लॉक लिहिणाऱ्याच्या ताब्यात नसते, आणि तरीही प्रवाह कोठेही तुटला तरी बाहेर पडणारा प्रवाह तोच राहिला पाहिजे. पुढील विवेचन मुख्यतः ग्नू रेडिओ या मुक्त फ्रेमवर्कला धरून केले असून उदाहरणे नाशिक परिसरात सहज पकडता येणाऱ्या सिग्नलांची घेतली आहेत.

पूर्वपीठिका

ठोकळे-आकृतीवरून थेट सिग्नल प्रक्रियेचा प्रोग्राम तयार करण्याची कल्पना जुनी आहे. बेल प्रयोगशाळेतील केली, लॉकबाम आणि व्हिसॉट्स्की यांनी १९६१ मध्ये अशा आकृत्यांसाठीचा ‘ब्लोडी’ हा कंपायलर प्रसिद्ध केला. १९७४ मध्ये फ्रेंच संगणकशास्त्रज्ञ झील कान यांनी दाखवून दिले की, स्वतंत्रपणे चालणाऱ्या प्रक्रिया केवळ क्रमवार रांगांतून एकमेकींशी बोलत असतील आणि रिकाम्या रांगेपुढे नुसत्या थांबून राहत असतील, तर त्या कोणत्या क्रमाने चालवल्या यावर अंतिम फलित अवलंबून राहत नाही. वर सांगितलेल्या अटीचा सैद्धांतिक पाया हाच आहे. एडवर्ड ली आणि डेव्हिड मेसरश्मिट यांनी १९८७ मध्ये समकालिक डेटाप्रवाहाचे प्रारूप मांडले. त्यात प्रत्येक ब्लॉक एका फेरीत किती नमुने घेतो आणि किती देतो हे आधीच जाहीर असल्याने कामाचे वेळापत्रक अगोदर आखता येते. ग्नू रेडिओची सुरुवात एरिक ब्लॉसम यांनी २००१ मध्ये जॉन गिलमोर यांच्या आर्थिक साहाय्याने केली. त्याचा पहिला सांगाडा मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील प्रकल्पातून घेतला होता आणि पुढे तो संपूर्ण नव्याने लिहिला गेला.

ब्लॉक आणि शेड्युलर यांच्यातील करार

ग्नू रेडिओतील ब्लॉक हा सी++ किंवा पायथनमधील एक क्लास असतो. आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या प्रवाहांची संख्या आणि त्यांतील प्रत्येक नमुन्याचा आकार तो प्रारंभीच जाहीर करतो. रेडिओच्या कामात नमुना बहुधा ३२ बिटांच्या दोन अपूर्णांकांची संमिश्र संख्या, म्हणजे ८ बाइटांचा असतो. त्यानंतर शेड्युलर या ब्लॉकचे ‘वर्क’ हे फंक्शन पुन्हा पुन्हा बोलावतो आणि दर वेळी आतल्या बफरचा (नमुने तात्पुरते ठेवण्याच्या जागेचा) पत्ता, बाहेरच्या बफरचा पत्ता व जास्तीत जास्त किती नमुने बाहेर लिहिता येतील तो आकडा देतो. ब्लॉकने त्याच्याइतके किंवा त्याहून कमी नमुने लिहावेत आणि प्रत्यक्षात किती लिहिले ते सांगावे, एवढाच हा करार आहे. आकडा एका फेरीत ४,०९६ असेल, पुढच्या फेरीत १७ असेल. त्यावरून कोणताही अर्थ काढणे ही रचनेतली चूकच ठरते.

घेणे आणि देणे यांच्या प्रमाणावरून ब्लॉकांचे प्रकार पडतात. एकास एक प्रमाणाचा ब्लॉक सर्वांत सोपा असतो. ठरावीक पटीत दर उतरवणारा डेसिमेटर आणि दर चढवणारा इंटरपोलेटर यांच्या बाबतीतही शेड्युलर हिशेब स्वतःच करतो. प्रमाण स्थिर नसेल, उदाहरणार्थ प्रेषकाच्या घड्याळाशी जुळवून घेत कधी एखादा नमुना जादा खाणारा ब्लॉक असेल, तर सामान्य प्रकारचा ब्लॉक लिहावा लागतो. तेथे इतके नमुने देण्यासाठी अंदाजे किती घ्यावे लागतील हे ‘फोरकास्ट’ या फंक्शनने सांगायचे असते आणि प्रत्यक्षात किती खाल्ले हे ‘कन्झ्यूम’ने कळवायचे असते. नवशिके पुष्कळदा गरज नसताना या प्रकाराकडे वळतात. स्थिर प्रमाणाचा ब्लॉक पुरेसा असेल तेथे तोच वापरावा, कारण खाल्लेल्या नमुन्यांचा हिशेब चुकला की फ्लोग्राफ बिनआवाज थांबून राहतो आणि कारण शोधणे फार जिकिरीचे होते.

मागील नमुन्यांची स्मृती

आकाशवाणीचे नाशिक केंद्र एफएम पट्ट्यात १०१.४ मेगाहर्ट्झवर ऐकू येते. यूएसबीला जोडायचा एखादा स्वस्त आरटीएल-एसडीआर रिसीव्हर १०१ मेगाहर्ट्झवर लावून सेकंदाला २४ लाख संमिश्र नमुने घेतले, तर हे केंद्र मध्यापासून ४०० किलोहर्ट्झ वर दिसते. ते मुद्दाम बाजूला ठेवले जाते, कारण अशा अनेक रिसीव्हरांत पट्ट्याच्या बरोबर मध्यावर एक खोटा काटा उमटतो. मग पहिला ब्लॉक सिग्नल ४०० किलोहर्ट्झने खाली सरकवतो, दुसरा फिल्टर लावून दर दहापट कमी करून सेकंदाला २,४०,००० नमुन्यांवर आणतो, तिसरा एफएम डिमॉड्युलेशन करतो, चौथा उच्च स्वरांची भारतात प्रचलित ५० मायक्रोसेकंदांची भरपाई करतो आणि पाचवा दर पाचपट उतरवून ध्वनिकार्डाला चालणारा ४८ किलोहर्ट्झचा प्रवाह देतो. या साध्या साखळीत स्मृतीचे तीन वेगळे प्रकार भेटतात.

फिल्टरला १२१ गुणक असतील, तर प्रत्येक उत्तरासाठी त्याला चालू नमुन्याबरोबर मागचे १२० नमुने लागतात. तुकड्याच्या आरंभी हे मागचे नमुने आधीच्या फेरीत येऊन गेलेले असतात. ब्लॉकने ‘हिस्टरी’ १२१ असल्याचे जाहीर केले की शेड्युलर हे १२० जुने नमुने बफरमध्ये राखून ठेवतो, आणि प्रवाहाच्या अगदी सुरुवातीला त्यांच्या जागी शून्ये भरतो. डिमॉड्युलेटर चालू नमुना आणि आधीच्या नमुन्याचा संयुग्मी यांच्या गुणाकाराचा कोन काढतो, म्हणून त्याला फक्त एक जुना नमुना पुरतो. एफएमचे विचलन ७५ किलोहर्ट्झ धरल्यास या कोनाला लावायचा गुणक २,४०,००० भागिले ७५,००० च्या २π पट, म्हणजे सुमारे ०.५०९ येतो. याउलट स्वरभरपाईचा फिल्टर स्वतःच्या मागच्या उत्तरावर चालतो. त्याचा गुणक या दराला सुमारे ०.९२ असतो, आणि आधीचे उत्तर ब्लॉकच्या सदस्य-चलात जपून ठेवावे लागते. आत येणाऱ्या नमुन्यांची हिस्टरी येथे उपयोगी पडत नाही. हे चल ‘वर्क’च्या आत स्थानिक म्हणून घोषित केले, तर प्रत्येक तुकड्याच्या सांध्यावर बारीक टिकटिक ऐकू येते. तुकडे मोठे असतील तर ती क्वचित येते, म्हणून बरेच दिवस लक्षातही येत नाही.

फ्रिक्वेन्सी सरकवणाऱ्या ब्लॉकची स्मृती सर्वांत फसवी आहे. त्याला फेज, म्हणजे लहरीचा त्या क्षणीचा कोन, पुढच्या फेरीत न्यायची असते. येथे प्रत्येक नमुन्याला फेज २π/६, म्हणजे १.०४७ रेडियनने वाढते. ती ३२ बिटांच्या अपूर्णांकात नुसती साठवत गेले आणि २π पुरे झाल्यावर मागे घेतली नाही, तर अर्ध्या सेकंदाच्या आत संख्या दहा लाखांच्या वर जाते. तेथे दोन लगतच्या संख्यांतील अंतर ०.१२५ असल्याने प्रत्येक वाढ १.०४७ ऐवजी नेमकी १ होते आणि सिग्नल ४०० ऐवजी ३८२ किलोहर्ट्झने सरकतो. सुमारे सात सेकंदांनी तीच वाढ २ होते, आणि साडेदहा सेकंदांच्या सुमारास संख्यांमधील अंतर ४ झाले की वाढ शून्य होऊन फेज जागच्या जागी गोठते. उपाय सोपा आहे: फेज नेहमी एका फेऱ्याच्या मर्यादेत ठेवावी, किंवा एकक लांबीची संमिश्र संख्या दर नमुन्याला फिरवत नेऊन ठरावीक अंतराने तिची लांबी पुन्हा १ करावी. ग्नू रेडिओतील तयार ब्लॉक दुसरा मार्ग अनुसरतो.

पॅकेट शोधणारे ब्लॉक

ओझरच्या विमानतळावर उतरणारी आणि नाशिकवरून पुढे जाणारी विमाने आपले स्थान १०९० मेगाहर्ट्झवर प्रसारित करतात. या संदेशाच्या आरंभी ८ मायक्रोसेकंदांचा ओळखीचा स्पंदक्रम असतो आणि मागोमाग एका मायक्रोसेकंदाला एक याप्रमाणे ११२ बिटे येतात. सेकंदाला २० लाख नमुने घेतल्यास संपूर्ण संदेश २४० नमुन्यांचा होतो. तो दोन तुकड्यांच्या सीमेवर पडणे हा अपवाद नाही, रोजचाच प्रकार आहे. काही जण यासाठी ब्लॉकच्या आत स्वतःचा दुसरा बफर बाळगतात. त्याची गरज नसते. हिस्टरी २४० ठेवून नव्याने आलेल्या नमुन्यांच्या संख्येइतक्याच आरंभस्थानांवर शोध घेतला, तर प्रत्येक आरंभस्थानापासून पुढे पूर्ण २४० नमुने हाती असतात. एकही संदेश निसटत नाही आणि कोणताही दोनदा मोजला जात नाही. स्पंदक्रम गोंगाटातूनही जुळल्यासारखा दिसू शकतो, म्हणून शेवटच्या २४ तपासणी-बिटांची पडताळणी झाल्यावरच संदेश पुढे पाठवावा.

असा उलगडलेला संदेश नमुन्यांच्या प्रवाहात बसत नाही. त्यासाठी ग्नू रेडिओत संदेश-पोर्ट आहेत. त्यांतून जाणारी माहिती नमुन्यांच्या क्रमाशी बांधलेली नसते, म्हणून ‘अमुक नमुन्यापासून फ्रिक्वेन्सी बदलली’ यासारखी गोष्ट तेथून पाठवू नये. तिच्यासाठी टॅग असतात. टॅग प्रवाहातील एका विशिष्ट नमुन्याला चिकटवलेला असतो आणि त्या नमुन्याचा क्रमांक प्रवाहाच्या आरंभापासून ६४ बिटांच्या मोजणीने दिलेला असतो. दर दहापट उतरवणाऱ्या ब्लॉकमधून जाताना टॅगचा क्रमांकही दहाने भागला जातो. हे फ्रेमवर्क आपोआप करते. मात्र सामान्य प्रकारच्या ब्लॉकने प्रमाण बदलते ठेवले असेल, तर टॅगची जागा त्यालाच ठरवावी लागते.

बफर, विलंब आणि वेग

ग्नू रेडिओत साधारणपणे प्रत्येक ब्लॉक आपापल्या थ्रेडमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या स्वतंत्रपणे चालणाऱ्या धाग्यात, चालतो. दोन ब्लॉकांमधला वर्तुळाकार बफर स्मृतीत लागोपाठ दोनदा मांडलेला असतो, त्यामुळे शेवटाकडून पुन्हा आरंभाकडे वळतानाही ब्लॉकला नमुने सलग दिसतात. पुढचा ब्लॉक मंद झाला की बफर भरतो आणि मागचा थांबतो. हा दाब मागे सरकत रिसीव्हरपर्यंत पोहोचला की मात्र तोडगा उरत नाही, कारण हवेतला सिग्नल कोणासाठी थांबत नाही व नमुने गळू लागतात. वरच्या साखळीत सुरुवातीलाच सेकंदाला १९.२ मेगाबाइट डेटा वाहतो, म्हणून दर उतरवणारा ब्लॉक शक्य तितका आधी ठेवतात. ‘वर्क’च्या आत फाइल उघडणे, पडद्यावर छापणे किंवा स्मृती मागणे हेही याच कारणासाठी टाळले जाते. एकच क्रिया एकाच वेळी अनेक नमुन्यांवर चालवणाऱ्या प्रोसेसर-सूचनांसाठी ‘व्होल्क’ हे ग्रंथालय आहे. तयार गणिती क्रिया त्यातून घेतल्या तर हाताने लिहिलेल्या लूपपेक्षा बहुधा बराच वेग मिळतो. पायथनमध्ये ब्लॉक लिहायचा असेल, तर प्रत्येक नमुन्यासाठी लूप न फिरवता संपूर्ण तुकड्यावर नम्पाय या पायथनच्या गणिती ग्रंथालयाची क्रिया करावी. चालू फ्लोग्राफमध्ये वापरकर्त्याने फिल्टरचे गुणक बदलले, तर तो बदल दुसऱ्या थ्रेडमधून येतो, म्हणून तो कुलूप लावूनच स्वीकारावा.

रेडिओबाहेरही हेच नियम लागू पडतात. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या यंत्राच्या बेअरिंगचे कंपन सेकंदाला २५,६०० नमुन्यांनी मोजले आणि ४,०९६ नमुन्यांचा, सिग्नलमधील फ्रिक्वेन्सी वेगळ्या करून दाखवणारा फूरिये ब्लॉक लावला, तर दोन शेजारच्या फ्रिक्वेन्सींतील अंतर ६.२५ हर्ट्झ राहते. ५० हर्ट्झवर चालणारी चार ध्रुवांची इंडक्शन मोटर २५ हर्ट्झपेक्षा किंचित मंद फिरते. तो किंचित फरक इतक्या जाड पट्टीने मोजता येत नाही. ६५,५३६ नमुने घेतल्यास अंतर ०.३९ हर्ट्झवर येते, पण प्रत्येक उत्तरासाठी २.५६ सेकंद थांबावे लागते.

चाचणी

ब्लॉक तपासताना तोच प्रवाह वेगवेगळ्या आकाराच्या तुकड्यांतून पाठवावा. फ्लोग्राफ सुरू करतानाच एका फेरीतील नमुन्यांची कमाल मर्यादा देता येते. ती एकदा मोठी, एकदा १ आणि एकदा ९७ सारखी अडनिड ठेवून तिन्ही उत्तरे ताडून पाहावीत. व्होल्कच्या क्रिया बेरजेचा क्रम बदलू शकतात, म्हणून अपूर्णांकांच्या बाबतीत शेवटच्या बिटापर्यंत समानतेचा आग्रह न धरता लहानशी सहिष्णुता ठेवतात. ९७ च्या तुकड्यांनी सांध्यावरचे बहुतेक दोष उघडे पडतात, पण फेज साठवत नेण्याचा दोष त्यांनी सापडत नाही, कारण तो तुकड्यांवर नव्हे तर एकूण लांबीवर अवलंबून असतो. तो फेज गोठेपर्यंत पाहायचा, तर अडीच कोटींहून अधिक नमुन्यांची चाचणी लागते. दर मर्यादित ठेवणारा थ्रॉटल ब्लॉक साखळीतून काढून टाकला, तर साखळीचा वेग प्रत्यक्ष प्रसारणाच्या दराला बांधलेला राहत नाही आणि इतकी लांब चाचणीही लवकर उरकू शकते.