स्वतःचीच पाठ थोपटणारा बॅरी होरोविट्झ

1980 च्या दशकात डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी कुस्ती कंपनीच्या (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) टीव्ही कार्यक्रमांचा साचा ठरलेला होता. मोठे पैलवान टीव्हीवर एकमेकांना क्वचितच भिडत. ती जोड बघायची तर तिकीट काढून यावं लागे. मग दर आठवड्याला टीव्हीवर दाखवायचं काय? नामवंताने एखाद्या अनोळखी माणसाला दोन-तीन मिनिटांत लोळवायचं आणि पुढच्या मोठ्या लढतीची हवा तयार करायची. लोळणाऱ्या या माणसांना म्हणायचे जॉबर. नव्वदच्या दशकात केबलवर हे बघताना आपल्याकडची पोरं ‘खरं की खोटं’ यावरून हमरीतुमरीवर येत, पण निकाल आधीच ठरलेले असतात हे कंपनीने 1989 मध्येच न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे कबूल केलं होतं. का, तर क्रीडा खात्याचे नियम आणि कर चुकावेत म्हणून.

या जॉबरांमधला सगळ्यात लाडका म्हणजे फ्लोरिडाचा बॅरी होरोविट्झ. तालीम झाली बोरिस मालेंको यांच्याकडे. हे मालेंको रिंगमध्ये खुनशी रशियन म्हणून वावरायचे, प्रत्यक्षात होते न्यू जर्सीचे लॅरी सायमन. होरोविट्झनेही सुरुवातीला काही काळ ‘जॅक हार्ट’ हे नाव लावलं. 1987 च्या सुमारास तो डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये आला आणि हरायला लागला. ज्याचं नाव मोठं करायचं असेल त्याच्यापुढे होरोविट्झला उभं करत, आणि थोड्याच वेळात तो उताणा.

पण गडी कच्चा नव्हता, हे आधी ध्यानात घ्या. डाव स्वच्छ, पकडी नेटक्या. आपटी अशी खायची की समोरच्याचा साधा फटकाही जीवघेणा वाटावा आणि तरी हाडं शाबूत राहावीत, ही विद्या त्याला पक्की येत होती. नवख्या धटिंगणाला सुपरस्टार म्हणून खपवायचं तर समोर असाच मुरलेला माणूस लागतो. हरणं ही कारागिरी आहे, असं माझं ठाम मत होरोविट्झला बघूनच झालं.

त्याची खूण मात्र वेगळीच. एखादा डाव जमला, साधी पकड जरी बसली, की हा हात मागे वळवून स्वतःची पाठ थोपटायचा. एकदा नव्हे, दोन-तीनदा, चेहऱ्यावर पूर्ण समाधान. त्याच्या जाकिटाच्या पाठीवर हाताचा पंजाच छापलेला असे. पुढच्या मिनिटाला आपण चीत होणार, हे त्याला ठाऊक, प्रेक्षकांनाही ठाऊक. तरी थोपटायचं राहत नसे. लोक हसत आणि जीवही लावत.

जुलै 1995 मध्ये मात्र आक्रीत घडलं. समोर होता स्किप, म्हणजे ख्रिस कँडिडो. त्याची भूमिका तंदुरुस्तीची घमेंड असलेल्या व्यायामवेड्याची. लढत हातात आहे असं समजून पठ्ठ्या मध्येच जोर काढायला (पुश-अप) लागला. होरोविट्झने तेवढ्यात त्याला गुंडाळलं, पंचाने तीन मोजले आणि समालोचक जिम रॉस ओरडत सुटले, “होरोविट्झ जिंकला!” आठ वर्षं मार खाणारा माणूस पस्तिशीत जिंकला होता. 1993 मध्ये ‘वन-टू-थ्री किड’ नावाच्या पोराने रेझर रेमॉनला असाच धक्का दिला होता, पण तो किड विशीतला होता, पुढे स्टार होणारा. होरोविट्झचा आनंद जास्त खरा वाटला तो वयामुळेच.

मग त्याला प्रवेशाचं संगीत मिळालं, ज्यूंच्या लग्नात वाजते ती पारंपरिक धून. 27 ऑगस्टला पिट्सबर्गच्या समरस्लॅम या मोठ्या कार्यक्रमात त्याने स्किपला पुन्हा हरवलं. जपानी पैलवान हाकुशीने मध्ये पडून हातभार लावला आणि नंतर दोघांची जोडीही जमली. नोव्हेंबरच्या सर्व्हायव्हर सिरीजमध्ये त्यांचा चौघांचा संघ उतरला, नाव ‘अंडरडॉग्ज’. हरला.

दरम्यान, समरस्लॅमनंतर अवघ्या आठ दिवसांनी, 4 सप्टेंबरला प्रतिस्पर्धी कुस्ती कंपनी डब्ल्यूसीडब्ल्यूने दर सोमवारी ‘नायट्रो’ हा टीव्ही कार्यक्रम सुरू केला होता. प्रेक्षक खेचायला तिथे मोठ्यांच्या लढती फुकटात दिसू लागल्या, डब्ल्यूडब्ल्यूएफलाही तेच करावं लागलं, आणि जॉबरांचं दर आठवड्याचं काम आटत गेलं. होरोविट्झ पुन्हा हरणाऱ्यांच्या रांगेत गेला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तो त्याच डब्ल्यूसीडब्ल्यूत दाखल झाला, आणि तिथेही त्याला काम मिळालं ते बहुतेक हरण्याचंच.