पगार एकीकडे, जीव दुसरीकडे

‘तुझं पर्पज काय?’ हा प्रश्न हल्ली लोअर परळच्या काचेच्या ऑफिसांत नोकरीच्या मुलाखतीतही विचारतात. बावीस-तेवीस वर्षांच्या पोराने त्याचं उत्तर आधार कार्डासारखं खिशात बाळगलेलं असावं, अशी अपेक्षा असते. या जमिनीवर गिरण्या होत्या तेव्हा असा प्रश्न कुणी कुणाला विचारत नव्हतं. तेव्हाच्या माणसांकडे उत्तर नव्हतं असं मात्र नाही. ते नोकरीत शोधायची रीत नव्हती, एवढंच.

मराठी माणसाच्या मनात या विचाराला मोठं वळण दिलं ते लोकमान्य टिळकांनी. २२ जुलै १९०८ रोजी मुंबईच्या हायकोर्टात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणी कामगारांनी सहा दिवस संप पुकारला. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढलं, ते छापून आलं १९१५ साली. संसार सोडून नव्हे, संसारात राहूनच फळाची आशा न धरता लोकांसाठी कर्म करत राहायचं, हा त्याचा गाभा. एवढा जाडजूड ग्रंथ चाळीत फार थोड्यांनी वाचला असेल. पण व्याख्यानांतून, मेळ्यांतून त्यातलं काहीबाही कानावर पडतच होतं.

दुसरा धागा पुण्यातून आला. गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज काढला. त्याच्या सभासदाने देश आधी मानायचा आणि बेताच्या मानधनावर भागवायचं, अशी शपथ होती. या समाजाचे ना. म. जोशी मुंबईत आले आणि १९११ साली त्यांनी सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. डिलाइल रोडला आज त्यांचं नाव आहे. तिथून रोज जाणाऱ्या किती जणांना ते कोण हे ठाऊक असेल, शंकाच आहे. लीगने कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली. परळचं दामोदर नाट्यगृहही तिचंच.

गिरणगावातली संध्याकाळ इथे नीट बघण्यासारखी आहे. साचाखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, दिवसभर उभा राहिलेला माणूस पाळी सुटली की गाळ्यावर येई, हातपाय धुई, खाणावळीत जेवे. तिथून पुढे त्याचा खरा दिवस सुरू होई. कुणी तालमीत, कुणी भजनी मंडळात, कुणी युनियनच्या सभेला, कुणी नाटकाच्या तालमीला. मुकादमाच्या वहीत तो ‘बदली’, म्हणजे कायम नसलेला कामगार असेल, पण मंडळात पखवाज त्याच्याशिवाय वाजत नसे. नारायण सुर्वे गिरणीत राबले, महापालिकेच्या शाळेत शिपाई होते, पुढे शिक्षक झाले. त्यांचा पहिला कवितासंग्रह १९६२ साली आला. पगाराच्या कुठल्याही कागदावर कवी म्हणून त्यांची नोंद नव्हती.

या व्यवस्थेचं उगाच कौतुक करण्यात अर्थ नाही. यातल्या बहुतेक संध्याकाळी पुरुषांच्याच होत्या. बायकांनी खाणावळी चालवल्या, म्हणून बाकीच्यांना पखवाज वाजवता आला.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. बहुतेकांना ती नोकरी परत मिळाली नाही. नोकरीबरोबर संध्याकाळही जाते, हे तेव्हा कळलं. गाळे रिकामे झाले, माणसं गावी गेली, मंडळांचे पखवाज माळ्यावर चढले. मध्यमवर्गावर तीच वेळ जरा सौम्य रूपात २००० साली आली. सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती आणली, देशभरात लाखाच्या आसपास कर्मचाऱ्यांनी ती घेतली, आणि डोंबिवली-बोरिवलीच्या फ्लॅटांत पन्नाशीचे गृहस्थ सकाळी नऊ वाजता काय करायचं या विचारात बसले. आयुष्याचं ध्येय शोधून देणाऱ्या शिबिरांना गिऱ्हाईक मिळालं ते माझ्या मते इथून.

तरुणांसाठी वेगळी वाट निघाली गडचिरोलीत. अभय आणि राणी बंग यांनी २००६ साली ‘निर्माण’ सुरू केलं. शिकलेल्या मुलांनी आपलं शिक्षण कुठल्या प्रश्नासाठी वापरायचं, ते तिथे त्यांना शोधायला लावतात.

आज मुंबईतल्या ट्रेनिंग रूममध्ये मात्र एक वेगळंच चित्र भिंतीवर असतं. चार वर्तुळं: आवडतं ते, जमतं ते, जगाला हवं ते, पैसे मिळतात ते. मधोमध ‘इकिगाई’, म्हणजे ज्यासाठी जगावंसं वाटतं ते. हे प्राचीन जपानी ज्ञान असल्याचं सांगतात, आणि तिथेच गफलत होते. जपानी मानसोपचारतज्ज्ञ मिएको कामिया यांनी या विषयावरचं पुस्तक १९६६ साली लिहिलं. त्यामागे कुष्ठरुग्णांच्या वसाहतीतलं त्यांचं काम होतं. घरदार, नोकरी, नाव सगळं तुटलेला माणूस कशाच्या बळावर जगतो, हा त्यांचा प्रश्न होता. चार वर्तुळं आली स्पेनमधल्या आंद्रेस सुसुनागा नावाच्या ज्योतिषाकडून. २०१४ साली मार्क विन या इंग्रजी लेखकाने त्यांच्या मध्यभागी जपानी शब्द बसवला. त्यामुळे पैशाचं चौथं वर्तुळ कामियांच्या माथी मारता येत नाही. ते या चित्राबरोबर आलं, आणि मुंबईच्या ऑफिसांना पटलं ते बहुधा तेच.