छातीचा फोटो की थेट सीटी? मशीनमध्ये काय होते ते वाचा

निफाड, दिंडोरी, सिन्नरकडून येणारे आमचे बरेच पेशंट काउंटरवरच विचारतात, "फोटोत सगळं दिसत नाही म्हणतात, मग डायरेक्ट सीटीच करून टाका ना." प्रश्न रास्त आहे, पण काउंटरवर उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही. नंबर येईपर्यंत हे पत्रक वाचून होईल.

किरण येतात कुठून

एक्स-रेच्या नळीतली हवा काढून टाकलेली असते. एका टोकाला टंगस्टनची तार तापते आणि तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. आपल्या घरात 230 व्होल्ट येतात. इथे हाताच्या फोटोला पन्नास हजारांच्या आसपास आणि छातीच्या फोटोला लाखाच्या वर व्होल्ट लावून ते इलेक्ट्रॉन समोरच्या टंगस्टनच्या तबकडीवर आदळवतात. त्यातली सुमारे 99 टक्के ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते, उरलेल्या एक टक्क्याचे एक्स-रे होतात. तबकडी एकाच जागी वितळू नये म्हणून ती वेगाने फिरवतात. फोटोच्या आधी ऐकू येणारी घरघर तिचीच.

बटण सोडले की किरण संपले. ते अंगात साठत नाहीत, कपड्यांना लागत नाहीत. घरी जाऊन आंघोळ करायची का, असेही विचारतात. गरज नाही. लेकराला खुशाल जवळ घ्या.

फोटो म्हणतो, पण असते सावली

1895 च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीतल्या वुर्झबर्गला विल्हेल्म राँटगेन यांना हे किरण सापडले. महिना-दीड महिन्यात त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो काढला, त्यात बोटांची हाडे आणि अंगठी स्पष्ट उमटली. मांस जवळजवळ नाहीसे आणि हाडे ठळक, असे का? मांसात मुख्यतः कार्बन, ऑक्सिजन असे हलके अणू असतात, हाडात कॅल्शियम. कमी व्होल्टच्या किरणांचे शोषण अणुक्रमांकाच्या साधारण घनाप्रमाणे वाढते. ऑक्सिजनचा अणुक्रमांक 8, कॅल्शियमचा 20, म्हणजे अडीचपट. शोषण मात्र पंधरापटींच्या घरात जाते. पोटाच्या तपासणीत पाजतात ते बेरियम (56), शिरेतून देतात ते आयोडीनचे औषध (53) आणि शिशाचा एप्रन (82), या सगळ्यांमागे हेच गणित आहे.

रात्री दिव्यासमोर हात धरून भिंतीवर सावली पाडून बघा. हात भिंतीपासून दूर नेला की सावली मोठी आणि कडा पुसट होतात. छाती प्लेटला चिकटवायला सांगतो ती याचसाठी. हृदय छातीत पुढच्या बाजूला असते, ते प्लेटपासून लांब राहिले तर उगाच मोठे दिसेल. नळीही सहा फूट मागे ठेवतो.

सावलीची अडचण अशी की पुढचे-मागचे सगळे एकावर एक पडते. हृदयाच्या किंवा बरगडीच्या आड बसलेला डाग समोरून सुटू शकतो. म्हणून डॉक्टर कधी कधी बाजूचाही फोटो मागतात.

सीटी काय वेगळे करते

सीटीत नळी तुमच्याभोवती फिरते आणि शेकडो दिशांनी सावल्या घेते. मग कॉम्प्युटर हिशेब मांडतो: आतल्या प्रत्येक इवल्याशा ठोकळ्याने किती किरण अडवले असतील, म्हणजे या सगळ्या सावल्यांचा मेळ बसेल? ब्रिटिश इंजिनिअर गॉडफ्रे हौन्सफिल्ड यांनी 1971 मध्ये लंडनच्या विम्बल्डन भागातल्या हॉस्पिटलात पहिल्या पेशंटच्या मेंदूचे सीटी काढले. 1979 चे नोबेल त्यांना आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना मिळाले. सीटीतला प्रत्येक ठोकळा हौन्सफिल्ड यांच्याच नावाच्या मापात मोजतात: पाणी 0, हवा उणे 1000, चरबी उणे 100 च्या आसपास, ताजे साकळलेले रक्त 50 ते 80, घट्ट हाड हजार किंवा वर.

दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागला, उलट्या होत आहेत, तर सीटीच हवे. साध्या एक्स-रेत कवटीची चीर दिसेलही, आतला रक्तस्राव दिसणार नाही. बोट दारात चेमटले असेल तर मात्र एक्स-रे पुरतो.

मग सगळ्यांचेच सीटी का नाही

किरणांच्या मात्रेमुळे. छातीच्या एका एक्स-रेला साधारण 0.1 मिलिसिव्हर्ट (अंगाला मिळणाऱ्या किरणांच्या मात्रेचे माप), पोटाच्या सीटीला 8 च्या आसपास. जमिनीतून, आकाशातून, हवेतून माणसाला वर्षभरात जगाच्या सरासरीने 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतातच. गरज असेल तर सीटीला घाबरू नका, फायदा कितीतरी मोठा असतो. नुसत्या समाधानासाठी मात्र करू नका. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आम्ही सीटी करत नाही, कितीही ओळख सांगितली तरी.

आमचा टेक्निशियन भिंतीआड जातो ते तुम्हाला धोका आहे म्हणून नाही. तुमचा फोटो एकदा होतो, तो दिवसभर इथेच असतो.

येताना

दिवस गेलेले असतील किंवा पाळी चुकली असेल तर आत जाण्याआधीच सांगा, कुजबुजत सांगितले तरी चालेल. मंगळसूत्र, साखळी, पिना काढून ठेवा. श्वास रोखा म्हटले की रोखा, हललात तर चित्र पुसट येते आणि परत काढावे लागते. शिरेतून औषध देऊन सीटी असेल तर क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट आणा. पूर्वी अशा औषधाने अंगावर पुरळ उठले असेल, किंवा शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर आधी कळवा. गोळी स्वतःहून बंद करू नका. जुन्या फिल्म आणि रिपोर्ट कुठेही काढलेले असोत, पिशवीसकट घेऊन या. डाग नवा की जुना, हे त्यावरूनच कळते.