रक्तवाहिन्या वाढवणारं जेल, आणि त्याची उलटी सुरुवात

गंमत म्हणजे रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या जेलची गोष्ट सुरू होते ती त्या वाढूच नयेत म्हणून धडपडणाऱ्या माणसापासून. बोस्टनचे सर्जन ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं की ट्यूमर स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेतो, त्या अडवल्या तर त्याची वाढ खुंटेल. मग वाढवणारं काय नि थांबवणारं काय हे शोधायचं तर तपासायचं प्रोटीन एकाच जागी दिवसेंदिवस झिरपत राहायला हवं. त्यांच्याकडे आलेल्या रॉबर्ट लँगर या केमिकल इंजिनियरला जाणकार सांगत होते की एवढे मोठे रेणू पॉलिमरमधून (प्लास्टिकसारख्या पदार्थातून) बाहेर येणारच नाहीत, पण १९७६ मध्ये दोघांनी ते करून दाखवलं. सशाच्या डोळ्याचा कॉर्निया अगदी स्वच्छ, त्यात एकही रक्तवाहिनी नसते, त्यामुळे तिथे प्रोटीन भरलेली पॉलिमरची बारीक गोळी ठेवली की तिच्याकडे सरकणाऱ्या लाल रेषा सरळ दिसतात.

हायड्रोजेल त्याआधीचं. विख्तेर्ले आणि लिम या चेक केमिस्टांनी शरीरात चालेल असं पाणी धरून ठेवणारं जेल १९६० मध्येच जाहीर केलं होतं, आणि विख्तेर्ले यांनी १९६१ च्या नाताळात घरी मुलांच्या मेकॅनोसारख्या सेटला सायकलचा डायनॅमो जोडून त्या जेलच्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्स काढल्या (हा किस्सा मला भारी आवडतो).

१९८९ मध्ये व्हीईजीएफ हे रक्तवाहिन्या फुटायला लावणारं प्रोटीन नीट ओळखलं गेलं, आणि सगळ्यांना वाटलं आता अडलेल्या धमन्यांच्या हार्टचं काम झालं. नाही झालं. १७८ पेशंटच्या ट्रायलमध्ये ते हृदयाच्या धमनीत आणि शिरेतून दिलं, ६० दिवसांनी प्लासिबोच्या (औषध नसलेल्या नकली डोसच्या) पुढे काही गेलं नाही, जास्त डोसवाल्यांना १२० दिवसांनी छातीदुखीत थोडा आराम दिसला एवढंच. माझ्या मते घोळ औषधात कमी आणि वेळेत जास्त होता, कारण रक्तात ते काही मिनिटांतच निघून जातं आणि रक्तवाहिनी उभी राहायला दिवस लागतात. बरं, डोस वाढवत नेला तर वाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या होतात.

म्हणून जेल. जपानचे संशोधक यासुहिको ताबाता यांची आयडिया साधी होती, जिलेटीनला निगेटिव्ह चार्ज, एफजीएफ या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरला पॉझिटिव्ह, दोघं चिकटतात, आणि शरीरात जिलेटीन जसजसं विरघळतं तसतसं औषध सुटतं. दुसरीकडे अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळातल्या जेलच्या) मण्यांत हेपरिनला (रक्त गोठू न देणाऱ्या रेणूला) एफजीएफ बांधून बायपासच्या २४ पेशंटमध्ये हृदयावरच ठेवून पाहिलं, ते १९९९ मध्ये छापून आलं.

पुढे जेफ्री हबेल या संशोधकाच्या ग्रुपने व्हीईजीएफ जेलला पक्कं बांधूनच टाकलं, ते सुटतं फक्त आत शिरणाऱ्या पेशीने तिच्या एन्झाइमने कापलं की, म्हणजे पेशी जिथवर पोचेल तिथवरच.