हुकलेला रन हुकला, त्याच्या मागे लागू नका
(आमच्याकडून पळण्याच्या सरावाचा प्लॅन घेणाऱ्या, नोकरी सांभाळून पळणाऱ्या ग्राहकांसाठी)

दर शुक्रवारी रात्री आम्हाला साधारण एकाच मजकुराचे मेसेज येतात. ‘या आठवड्यात धावपळ झाली ती फक्त ऑफिसात. मंगळवार-गुरुवारचे रन राहिले. शनिवार-रविवारी भरून काढतो, चालेल ना?’

नाही, चालणार नाही. प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावं, म्हणून हे पत्रक. पेस (एका किलोमीटरला लागणारा वेळ), टेम्पो (जोरात, पण बराच वेळ टिकवता येईल असं पळणं), लाँग रन (आठवड्यातला सगळ्यात लांबचा रन) हे शब्द पुढे येतील.

समजा तुमचा आठवडा असा आहे: मंगळवारी 8 किलोमीटर सावकाश, गुरुवारी 10 आणि त्यातले मधले 5 टेम्पो, शनिवारी 6 सावकाश, रविवारी 22 चा लाँग रन. एकूण 46. हिशेब बंद करायच्या गडबडीत मंगळवार गेला, गुरुवारही गेला. 18 किलोमीटर थकले. मग शनिवारी 6 च्या जागी 24, तेही टेम्पोसकट, आणि रविवारी ठरलेले 22. अ‍ॅपमध्ये आठवड्याची बेरीज 46 दिसते आणि जिवाला बरं वाटतं. पण चार दिवसांचं ओझं पायांनी दोन सकाळींत उचललेलं असतं. सोमवारी पोटरी धरते, नाहीतर नडगीच्या आतल्या बाजूला ठणकायला लागतं. त्यापायी तीन आठवडे घरी बसावं लागलं, तर 138 किलोमीटर गेले. कशासाठी, तर 18 वाचवण्यासाठी. हिशेबाच्याच कामात असलेले आमचे ग्राहक ही चूक सगळ्यात जास्त करतात, याची आम्हाला गंमत वाटते.

राहिलेलं काम दुसऱ्या दिवशी जास्त वेळ बसून उरकण्याची सवय असते, म्हणून पळण्यालाही तोच नियम लावला जातो. पण रनचा फायदा पळताना होत नाही, नंतरच्या विश्रांतीत आणि झोपेत होतो. दोन रनमधली ती जागाच काढून टाकली तर उरते फक्त झीज. त्यात आणखी एक गोम आहे. दम काही आठवड्यांत वाढतो, पण हाडं आणि कंडरा (स्नायू हाडांना जोडणारे टेंडन) तयार व्हायला महिने लागतात. कंडरांना मुळात रक्तपुरवठाच कमी. त्यामुळे शनिवारी 24 पळवतात, छाती तक्रार करत नाही, आणि तुम्हाला वाटतं आम्ही उगाच घाबरवतो. पाय त्याचा जाब उशिरा विचारतात.

‘पण आठवडा गेला की सगळी मेहनत वाया जाते ना?’ हा पुढचा प्रश्न. तशी ती जात नाही. काही दिवस पळणं थांबलं की सगळ्यात आधी रक्तातल्या द्रवाचं प्रमाण थोडं घटतं. म्हणून परतल्यावरच्या पहिल्या रनला त्याच पेसला नाडी जास्त दिसते आणि घड्याळ काहीतरी निराशाजनक सांगतं. ते घटलेलं प्रमाण थोड्याच रनमध्ये पूर्ववत होतं. घड्याळाचा तो शेरा आम्हाला स्क्रीनशॉट काढून पाठवू नका, एवढीच विनंती.

मग करायचं काय? एक रन हुकला तर सोडून द्या आणि पुढच्या दिवशी जे लिहिलंय तेवढंच करा. दोन हुकले तर लाँग रन तेवढा सांभाळा, तोही सावकाश, आणि त्यात टेम्पो घुसवू नका. लाँग रनच हुकला, तर तो सोमवारी किंवा मंगळवारी सरकवता येतो; मग मंगळवारचा छोटा रन रद्द समजा. तेही जमलं नाही तर पुढच्या रविवारी जे लिहिलंय त्यात हुकलेले किलोमीटर मिळवू नका. पूर्ण आठवडा गेला तर गेलेला आठवडाच पुन्हा करा, उडी मारून पुढच्यावर जाऊ नका. दोन आठवडे किंवा जास्त गेले, किंवा मध्ये आजारपण आलं, तर पळायच्या आधी आम्हाला फोन करा. अशा वेळी आम्ही प्लॅन नव्याने बांधून देतो आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

आता थोडं आमच्या बाजूने. ‘बाकीचे सहा दिवसांचा प्लॅन देतात, तुम्ही चारच दिवस देता’ अशी तक्रार येते. सहा दिवस लिहायला आम्हालाही कष्ट पडत नाहीत. पण सहातले दोन हुकणारच, आणि हुकले की ते भरून काढायची खुमखुमी येणारच. चार दिवसांचा, पण महिनोन्महिने पाळता येणारा प्लॅन मॅरेथॉनच्या 42.195 किलोमीटरपर्यंत नेऊन पोचवतो. रॉन हिल हा इंग्लंडचा वस्त्र-रसायनतज्ज्ञ. कामावर पळत जायचा, पळत यायचा, आणि 1970 ची बोस्टन मॅरेथॉन त्याने 2 तास 10 मिनिटं 30 सेकंदांत जिंकली. 2018 मध्ये तीच शर्यत थंडीपावसात जिंकणारा जपानचा युकी कावाउची तेव्हा एका शाळेच्या कार्यालयात पूर्ण वेळ नोकरी करत होता. बरेचसे व्यावसायिक धावपटू दिवसातून दोनदा सराव करतात, हा सहसा एकदाच करायचा. (तो वर्षभरात जितक्या मॅरेथॉन पळायचा, ते मात्र उचलू नका.)

एक छोटी गोष्ट राहिली. तासभरच मिळतो म्हणून तो वसूल करायला सावकाश रनही जोरात मारला जातो. सावकाश म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल असा. आणि रात्री पाच तासांहून कमी झोप झाली असेल तर त्या दिवशी टेम्पो नाही. तेवढाच वेळ सावकाश पळा, नाहीतर झोपा. बॉसचं बोलणं आणि टेम्पोचा ताण शरीर वेगवेगळ्या खात्यांत मांडत नाही.

आमच्याकडे नाव घालताना ‘किती वेळात पळायचंय’ याआधी आम्ही कामाच्या वेळा विचारतो, त्या याचसाठी. ज्यांच्या शिफ्ट बदलतात किंवा ज्यांना अचानक दौऱ्यावर जावं लागतं, त्यांच्यासाठी आमचा साप्ताहिक प्लॅन आहे: तुम्ही येत्या आठवड्याच्या वेळा कळवायच्या, आम्ही रन त्यांत बसवायचे. रात्रपाळी संपल्यावर लगेचच्या सकाळी लाँग रन येणार नाही, एक पूर्ण रात्र झोप मिळाल्यावरच येईल. मासिक प्लॅनमधून साप्ताहिकमध्ये कधीही बदलून घेता येतं. ज्यांचे महिन्यात तीन-चार रन हुकतात त्यांनी याचा विचार जरूर करावा. रोज नऊ ते सहा ठरलेलं काम असेल तर मासिकच पुरेसा आहे, उगाच जास्त पैसे घालवू नका.

साप्ताहिक प्लॅनवाल्यांनी आपल्या वेळा शनिवारी रात्री आठपर्यंत पाठवाव्यात. उशीर झाला तर प्लॅन सोमवारी दुपारी मिळेल. सोमवारी तुम्हाला तसाही रन नसतो.