सजीव आणि निर्जीव

बाहेरून अन्न व ऊर्जा घेऊन स्वतःची घडण सतत सांभाळते ते सजीव. ज्यात हा व्यवहार कधी नव्हताच ते निर्जीव. सजीवांचे शरीर एका किंवा अनेक पेशींचे असते. हालचाल, वाढ, श्वसन, उत्सर्जन, प्रतिसाद, प्रजनन ही शाळेत शिकवली जाणारी लक्षणे खरी आहेत, पण एकेकटी धरली तर फसवतात. पाकात सोडलेल्या दोऱ्यावर खडीसाखर वाढते, पण बाहेरून थर चढून. रोप वाढते ते आतल्या पेशी विभागून. खेचराला सहसा पिल्ले होत नाहीत, तरी ते जिवंतच असते.

नुसत्या नजरेवर विसंबू नये, हे बडोद्यात कमाटीबागेपाशी चांगले कळते. तिथे ‘काळा घोडा’ म्हणून ओळखला जाणारा सयाजीराव गायकवाडांचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा आहे. जवळच विश्वामित्री नदीच्या काठावर मगर जबडा उघडून निश्चल पडलेली दिसते; नवखा माणूस तिला ओंडका समजतो. थंडीत ती ऊन खाऊन अंग तापवते, जास्त तापली की जबड्यातून उष्णता टाकते किंवा पाण्यात सरकते. घोड्याचे ब्राँझही त्याच उन्हात तापते, पण त्यावर काही करत नाही. आतली स्थिती सावरून धरण्याचा हा गुण, म्हणजे समस्थिती, हालचालीपेक्षा महत्त्वाचा मानावा.

बडोद्याच्याच दांडिया बाजारातल्या मराठी घरांत मटकी निवडताना दाणा आणि खडा बोटांना सारखेच टणक लागतात. रात्रभर भिजवून, उपसून फडक्यात बांधली की फरक उघड होतो. पाणी शिरताच दाण्यातली विकरे (एन्झाइम) कामाला लागतात, साठवलेले अन्न मोडू लागते. मोड फुटताना पुरचुंडीला हात लावला तर ऊब लागते. ती दाण्यांच्या श्वसनाची. कोरडा दाणा मेलेला नव्हता, सुप्तावस्थेत होता. एखादा गणंग मात्र तसाच कडक राहतो. तोही मेलेलाच असेल असे नाही. त्याची साल पाणी आत घेत नाही, एवढेच. ती खरवडली तर पुष्कळदा त्यालाही मोड येतो.

सजीव कुठल्या वेगळ्या द्रव्याचे नसतात. मूत्रात सापडणारा युरिया रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक व्होलर यांनी १८२८ मध्ये अमोनियम सायनेट या निर्जीव क्षारापासून बनवला, तेव्हा हे स्पष्ट होऊ लागले.

सीमेवर विषाणू आहेत. तंबाखूच्या पानांवर चट्टे पाडणाऱ्या विषाणूचे स्फटिक वेन्डेल स्टॅन्ली यांनी १९३५ मध्ये मिळवले. बाटलीत ते मिठासारखे पडून राहतात. पानाच्या पेशीत शिरले की तिच्याच यंत्रणेवर विषाणूच्या प्रती निघतात. विषाणूला स्वतःचा चयापचय, म्हणजे अन्नातून ऊर्जा व घडण मिळवण्याचा व्यवहार, नसल्याने अनेक जीवशास्त्रज्ञ त्याला पूर्ण सजीव मानत नाहीत.

‘मृत’ आणि ‘निर्जीव’ यांतही गल्लत होते. कमाटीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. तो आता श्वास घेत नाही, पण त्याचे प्रत्येक हाड जिवंत पेशींनी रचले. रक्तवाहिन्या जिथून जात त्या वाटा अशा हाडांत पोकळ्यांच्या रूपाने उरतात. बागेतल्या दगडात तशी वाट कधीच नव्हती.