प्रताधिकार संपलेला मजकूर आणि मुक्त परवान्याचा मजकूर

आपले लेख कोणीही वापरावेत अशी इच्छा असणारे अनेक ब्लॉगलेखक पानाच्या तळाशी ‘कॉपीराइट फ्री’ असे लिहून मोकळे होतात. त्यांनी आपला हक्कच सोडून दिला आहे, की हक्क स्वतःकडे ठेवून काही अटींवर वापराची मुभा दिली आहे, याचा उलगडा मात्र त्यावरून होत नाही. आणि कायद्याच्या दृष्टीने या दोन गोष्टी पूर्णपणे भिन्न आहेत.

भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यानुसार, लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या साहित्यावरील प्रताधिकार त्याच्या निधनानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे टिकतो. साने गुरुजींचे निधन जून १९५० मधले, म्हणून त्यांच्या हयातीत छापले गेलेले लेखन १ जानेवारी २०११ पासून प्रताधिकारमुक्त झाले. असे लेखन टंकित करून संकेतस्थळावर ठेवायला, छापून विकायला किंवा त्याचा अनुवाद करायला कोणाची परवानगी लागत नाही. मात्र त्याच पुस्तकाच्या अलीकडच्या आवृत्तीला एखाद्या हयात संपादकाने प्रस्तावना आणि टिपा जोडल्या असतील, तर त्या भागावर त्या संपादकाचा किंवा प्रकाशकाचा हक्क असतो; त्यामुळे नवी आवृत्ती जशीच्या तशी स्कॅन करून चढवणे योग्य नव्हे. मुदत देशागणिक बदलते, हेही परदेशातील वाचकांनी ध्यानात ठेवावे. ब्रिटनमध्ये ती सर्वसाधारणपणे ७० वर्षांची आहे.

मुक्त परवान्याचे, म्हणजे हक्क राखून अटींवर दिलेल्या मुभेचे, तसे नाही. तो प्रताधिकाराच्याच आधारावर उभा असतो, कारण ज्याचा हक्क आहे तोच परवानगी देऊ शकतो आणि तोच अटी घालू शकतो. असे तयार परवाने उपलब्ध करून देणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे पहिले परवाने डिसेंबर २००२ मध्ये आले. आज प्रचलित असलेल्या सहाही परवान्यांत लेखकाचे श्रेय देण्याची अट आहे. ती मोडली की परवाना आपोआप संपतो आणि पुढचा वापर प्रताधिकाराचा भंग ठरतो. या परवान्यांच्या ४.० या आवृत्तीत मात्र चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत ती सुधारल्यास परवाना पुन्हा लागू होतो. लेखकालाही एकदा दिलेली मुभा मागे घेता येत नाही. त्याने लेख ब्लॉगवरून काढला, तरी ज्यांनी तो आधीच घेतला त्यांचा वापर वैधच राहतो, म्हणून परवाना लावण्यापूर्वी लेखकाने पुरेसा विचार केलेला बरा.

बहुतेकांना पहिला मोह होतो तो ‘अव्यावसायिक वापरापुरते’ या अटीचा. माझ्या मते ब्लॉगलेखकाने ती शक्यतो टाळावी. जाहिराती घेऊन निघणाऱ्या आणि किंमत लावून विकल्या जाणाऱ्या दिवाळी अंकाला असा लेख निर्धास्तपणे छापता येत नाही, आणि विकिपीडियालाही तो चालत नाही. ‘बदल करू नयेत’ ही अट तर अनुवादाचीच वाट अडवते. त्या लेखाचा कोंकणी अनुवाद कोणी केला, तरी वेगळी परवानगी घेतल्याशिवाय तो प्रसिद्ध करता येणार नाही. विकिपीडियाने स्वीकारलेला क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘सीसी बाय-एसए’ परवाना व्यावसायिक वापर आणि बदल या दोन्हींना मोकळीक देतो. फक्त बदललेला मजकूर प्रसिद्ध करताना त्यालाही तोच किंवा त्याच्याशी सुसंगत परवाना लावावा लागतो.

प्रताधिकार संपलेला आणि मुक्त परवान्याचा मजकूर यांत सरमिसळ झाली की दोन्ही बाजूंनी चुका होतात. विकिपीडियावरचा उतारा श्रेय न देता उचलणारा तो प्रताधिकारमुक्त असल्याचे गृहीत धरतो; उलट, जुने पुस्तक टंकित करणारा त्यावर स्वतःचा परवाना लावतो, पण मूळ मजकुरावर त्याचा हक्क नसल्याने त्या अटी कोणावरही बंधनकारक नसतात. ज्यांना खरोखरच कोणतीही अट नको आहे, त्यांच्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्सची ‘सीसी झीरो’ ही हक्कत्यागाची घोषणा आहे, तर भारतीय कायद्याच्या कलम २१ नुसार प्रताधिकार निबंधकाला सूचना देऊन किंवा जाहीर सूचनेद्वारे लेखकाला आपले हक्क सोडता येतात. इतरांनी परवान्याचे नाव, त्याची आवृत्ती आणि दुवा तळाशी द्यावा, आणि लेखातील छायाचित्रे दुसऱ्याची असल्यास त्यांना तो परवाना लागू नाही, असेही स्पष्ट लिहावे.